मनीच्या डोक्याची वही

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही माझी नाही, मनीच्या डोक्याची आहे. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी माझंच पुराण लावीन.

मनी म्हणजे माझी नात, थोरल्याची मुलगी. वय सव्वीस, पण डोळे घारे म्हणून जन्मल्या दिवसापासून मनी. पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पाण्यावर तरंगायला शिकवते. तिच्या टाळूवर तीन ठिकाणी केस गेलेत. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. आपली टाळू आपल्याला दिसत नाही. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी रोज बघून लिहून ठेवा. खाज किती, आग किती, लावलं काय, दिसतं कसं. त्यांचा संशय बुरशीवर आहे. तलावाच्या पाण्यातल्या औषधावरही आहे.

घरातलं कुणीतरी म्हणजे मीच की! तिसरी पास. चौथीत बसले होते, पण पाठीवर तीन भावंडं होती, मग कसली चौथी. लाँड्रीत एकतीस वर्षं काढली, तिथेही लिहायचं काम मुकादमाचं. माझं टेबल डागांचं. आणि आता या वयात मला वही! पेन मनीने दोऱ्याने वहीलाच बांधून दिलंय, मी हरवते म्हणून.

महिन्यापूर्वी ती तलावाजवळची खोली सोडून माझ्याकडे राहायला आली. म्हणाली, आजी, तुझ्याकडे शांत वाटतं. किती बरं वाटलं मला. भिंतीवरचा आरसा मात्र तिने उतरवून पलंगाखाली ठेवला. उजेड त्यावरून परततो तो डोळ्यांवर येतो म्हणे. खरंच असेल, आता दुपारी छतावर नुसता मऊ उजेड पडतो, खाली दुकानाच्या काचेवरून आलेला, हलता. त्याच्याकडे बघत पडलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत असं वाटतं.

खाज: बरीच. आग: थोडी. लावलं: मलम. जेवली: दोन घास.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज खिडकीत बसवून नीट पाहिलं. माझे डोळे डागांवर तयार झालेले आहेत, जवळचं अजून चांगलं दिसतं. पांढरे पापुद्रे आहेत, पण कोंडा म्हणावा तर तसा नाही. कोंडा डोकंभर भुरभुरतो. हा केसाकेसाच्या बुंध्याला धरून बसलेला, तोही फक्त कडेकडेने, जिथे केस संपतात तिथे. त्या केसांभोवती लाल. दोन ठिकाणी दुखतं म्हणाली. मधे काहीच नाही.

खाज: बरीच.

९ फेब्रुवारी, रविवार

आनंदाची बातमी! मधलं कातडं इतकं गुळगुळीत झालंय म्हणून सांगू. लव नाही, केसाचं एक भोकसुद्धा दिसत नाही. इस्त्री केलेल्या साटिनसारखं चमकतं. खाजही फक्त कडेला, मधे अजिबात नाही. मी म्हटलं, "मने, तुला नवं कातडं आलं गं!"

"हो का," म्हणाली.

वरच्या मजल्यावरची शिंपीण आली होती. तिने चष्मा लावून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "चाई आहे ही. माझ्या दिराला पडली होती, दाढीत. दोन महिन्यांत सगळे केस परत. उलट दामदुप्पट. आता जाऊबाई ओरडते, गालाला टोचतात म्हणून."

मी विचारलं, "त्यांचंही कातडं असंच गुळगुळीत झालं होतं का गं? भोकं नसलेलं?"

"मी काय दिराच्या गालाला भिंग लावून बसले होते?"

मनी हसली नाही. केसांचा गुंता फणीतून काढून तिने मुठीत धरला आणि मूठ खिशात घातली. कचऱ्याची टोपली दाराशीच होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या डॉक्टर. म्हणून आज डोक्याचा दिवस. डाग असलेला कपडा मी एकतीस वर्षांत टेबलावरून पुढे जाऊ दिला नाही, तर नातीचं डोकं जाऊ देईन? जेवणानंतर कोमट तेल चोळलं, दोन तास पंचा गुंडाळला, पापुद्रे मऊ झाल्यावर बारीक फणीने एकेक काढले, मग सौम्य साबण दोनदा. लाल होतं तिथे गार पाण्याच्या घड्या. संध्याकाळपर्यंत डोकं कसं, आरशासारखं.

मधेच ती म्हणाली, "आजी, राहू दे का?"

मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतील? हिला घरी धुवायला कुणी नाही का?"

तिने मान खाली घालून माझ्या मांडीवर कपाळ टेकवलं. सात वर्षांची असताना अशी बसायची. मला तर वाटतं, हे दुखणं मला नात परत द्यायलाच आलं असावं. असं लिहू नये, पण लिहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर खूश! "वा, मलम लागू पडलं की. काही उरलं नाही. आता केस येतील, धीर धरा." वही बघायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती. मी मनीला कोपराने ढोसलं, बघ म्हटलं. मलमाला काय श्रेय द्यायचं ते देवोत, मला ठाऊक आहे कुणाचे हात.

२ मार्च, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, किंवा होतं पण तेच तेच. पापुद्रे परत आले. आग वाढलीय, उशी लागली तरी चुरचुरतं. उशीवर केस. एक उचलून पाहिला, मुळाशी ओलसर म्यान असल्यासारखं होतं.

मनी हल्ली पाण्यात उतरत नाही. काठावरून शिकवते. रबरी टोपी डोक्याला लागते म्हणाली. मी म्हटलं, मग टोपीशिवाय उतर. तर माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी तिला उडायला सांगितलं.

दुपारी डोळा लागला, तर स्वप्न. तलाव रिकामा, पाणी हिरवं, आणि तळाशी सगळीकडे केस उगवलेले. लांब, मऊ, सगळे एकाच बाजूला झुलताहेत, गवतासारखे. आमचे हे काठावर पाय सोडून बसलेले. मी म्हटलं, अहो, जपून, पाय गुंततील. तर म्हणाले, गुंतत नाहीत, निरोप घेताहेत. जागी झाले तेव्हा छान वाटत होतं. आता लिहिताना तेवढं छान वाटत नाही.

खाज: बरीच. आग: बरीच.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा डॉक्टर. काल पुन्हा डोक्याचा दिवस केला होता, त्यामुळे त्यांना पुन्हा स्वच्छ दिसलं. पण केस काही येईनात, आणि उजवीकडचा गोल मोठा वाटतोय असं त्यांनीच म्हटलं. चिठ्ठी देऊन केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. गुरुवारचा नंबर मिळाला.

शिंपीण म्हणते, साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही. चाईला कसली डॉक्टरीण.

२० मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहायचं ठरवलंय.

डॉक्टरीणबाई वयाने मनीहून थोड्याच मोठ्या, केस कापलेले, टेबलावर एक भिंग. मनीने ही वही त्यांच्या हातात दिली. मी आतून लाजले, स्वप्नंबिप्नं सगळी त्यात. त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. दिराच्या गालाशी हसल्या. मग हसू थांबलं. मागचं पान उलटून पुन्हा वाचलं. उठल्या, मनीचे केस बाजूला केले, भिंग लावलं.

"आजी, केसाकेसाला धरून पापुद्रे, कडेकडेने, भोवती लाल. हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"रोज."

"मग आज कुठे गेलं?"

मी ताठ बसले. म्हटलं, "गेलं नाही, मी काढलं. तुमच्याकडे यायचं म्हणून. काल तेल, फणी, दोनदा साबण."

"आधीच्या डॉक्टरांकडे जातानाही?"

"दोन्ही वेळा!"

हे सांगताना मी हसत होते. खोलीत आपण एकट्याच हसतोय हे मला जरा उशिरा कळलं.

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाल्या, "आजी, चाईत कातड्यावरची भोकं शाबूत राहतात. घर रिकामं, पण दार असतं, म्हणून केस परत येतात. तुम्ही लिहिलंय भोकंच नाहीत. मला नेमकं हेच बघायचं होतं, आणि कडेला काय चाललंय ते. तेच तुम्ही धुऊन आणलंत."

मग मनीला म्हणाल्या, "चार दिवस पाणी नाही, तेल नाही, फणी नाही, मलम नाही. सोमवारी घाणेरडं डोकं घेऊन या."

"किती घाणेरडं?" मनीने विचारलं.

"आजींना चक्कर येईल इतकं."

मनी हसली. मोठ्याने. किती दिवसांनी.

मी पण हसले. पण बसमध्ये सबंध वाट ते दाराचं वाक्य डोक्यात फिरत होतं.

२२ मार्च, शनिवार

हात शिवशिवतात. ती समोर बसते, वाचते, आणि मला इथून पापुद्रे दिसतात. शिंपीण म्हणाली, हात बांधून देऊ का, रंगीत फीत आहे माझ्याकडे.

दुपारचं स्वप्न: लाँड्री. वाफ इतकी की पलीकडचं माणूस ढगातून बोलल्यासारखं. माझ्या टेबलावर एक पांढरी चादर, त्यावर तपकिरी डाग. मी साबण घ्यायला वळते तर मुकादम म्हणतो, हात नाही लावायचा, आधी वाच. वाकून बघते तर तो डाग नाहीच, कुणीतरी फार बारीक अक्षरात लिहिलंय. सबंध चादरभर. आणि मला कळतं की सगळ्याच चादरींवर असं लिहिलेलं असायचं, आणि मी एकतीस वर्षं न वाचता धूत होते.

२४ मार्च, सोमवार

भिंग आज पडद्याला जोडलं होतं, भिंतीवर डोकं दिसत होतं. मी तर बघतच राहिले. रान होतं ते! कडेचा एकेक केस झाडाच्या खोडाएवढा, आणि प्रत्येकाच्या बुंध्याला पांढरी कॉलर, कडक खळ दिलेली. भोवती लाल धुकं. आणि त्याच्या पलीकडे मधलं कातडं, माझं साटिन: पांढरं, सपाट, कुठेच काही नाही. बर्फ पडल्यावर रस्ता बुजतो ना, तसं.

डॉक्टरीणबाईंनी कडेचे चार केस चिमटीत हलकेच ओढले. सहज आले. म्यानासकट. म्हणाल्या, हे निघायला नको होते.

मग तुकडा घ्यायचा ठरला, कातड्याचा, पेन्सिलच्या टोकाएवढा, बधिर करून, तपासायला. त्यांनी खूण केली ती कडेला, जिथे अजून केस आहेत तिथे. मी मधे पडले. "बाई, गेलंय तिथला घ्या ना. राहिलंय ते तरी तिचं राहू द्या."

"आजी, विझलेल्या चुलीत काय बघू? जळतंय कसं ते जळतंय तिथेच दिसतं."

मनीने माझा हात धरला. म्हणजे मला वाटलं तिने धरला. नंतर पाहिलं तर मीच तिची बोटं आवळून ठेवली होती, पांढरी पडली होती.

दोन टाके.

७ एप्रिल, सोमवार

नाव मिळालं. डॉक्टरीणबाईंनी या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलंय: लायकेन प्लॅनोपिलॅरिस. मी सात वेळा म्हणून पाहिलं, दोनदा बरोबर आलं.

बुरशी नाही, पाण्याचं नाही, संसर्ग नाही, तिच्या हातून काही चुकलेलं नाही. अंगातले राखणदारच उलटतात आणि केसाच्या मुळांवर चालून जातात. कुंपणानेच शेत खावं तसं. मूळ मेलं की तिथे व्रण होतो. व्रणावर केस येत नाही. गेलेले येणार नाहीत. राहिलेले वाचवायचे. कडेला इंजेक्शनं, लावायचं औषध, गोळ्या, गोळ्यांसाठी आधी डोळे तपासून घ्यायचे. आणि महिन्यातून एकदा कड मोजायची, ती पुढे सरकते की थांबते. सगळं त्यावर आहे.

मनी औषधं घ्यायला खाली गेली तेव्हा मी विचारलं, "माझ्यामुळे किती गेलं?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "रोग दोन वर्षांचा आहे, आजी. तुमच्या धुण्याने झालेला नाही. पण पाच आठवडे आधी कळलं असतं. ते पाच आठवडे गेले."

मनी जिन्यात बसली होती, पिशवी मांडीवर. मी शेजारी बसले. गुडघे काही ऐकत नव्हते, पण बसले. म्हटलं, "मने, मी..."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आजी, पहिल्या वेळीच मला कळलं होतं की डॉक्टरांना काही दिसणार नाही. मी गप्प बसले. दिसलं नाही की नाही, असं वाटायचं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या दोघींची एकच मूठ होती, आणि आत काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. म्हणजे तिला होतं. मला वाटतं, मलाही होतं.

माणसं वर-खाली जात होती. आम्ही भिंतीला सरकून वाट देत राहिलो.

११ मे, रविवार

इंजेक्शनं दोनदा झाली. ती ओठ आवळते, आवाज करत नाही.

मोजायचं काम माझं. शिंपिणीची टेप, भांगापासून कडेपर्यंत, मिलिमीटरमध्ये. डॉक्टरीणबाईंनी तीन गोल काढून दिलेत वहीत, त्यांच्यापुढे आकडे लिहायचे. आज तिने विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "छान आहे. होतं तसंच."

इथे खरं लिहिते. उजवीकडचा एक मिलिमीटर वाढलाय. कडेला अजून लाल आहे. पण तोंडावर कसं सांगू? रविवार होता, तिने चहा दोनदा घेतला होता.

२५ मे, रविवार

आज विचारलंच नाही.

मी मुद्दाम म्हटलं, "छान आहे हो!" ती "हं" म्हणाली आणि पान उलटलं. चेहरा असा, जसा मी तिचा नेहमीच्या डॉक्टरांकडे पाहिला होता, मलम लागू पडलं असं ते म्हणत होते तेव्हा.

काम अजून काठावरूनच करते.

२९ जून, रविवार

मोजायचा दिवस. उद्या डॉक्टर. चार दिवस फणी नाही, तेल नाही, आता मला सवय झालीय, घाणेरडं डोकं बघून हात शिवशिवत नाहीत. दुपार होती. छतावर तो हलता उजेड. तिने डोकं माझ्या मांडीवर टेकवलेलं, डोळे मिटलेले. खोली अशी शांत की टेप उलगडल्याचा आवाज आला.

डावीकडे लावली. पुन्हा लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली.

"छान आहे" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. सवयच ती. आणि तेवढ्यात मला तिचे मिटलेले डोळे दिसले. झोपलेल्या माणसाचे डोळे असे मिटलेले नसतात. ती ते दोन शब्द यायची वाट बघत होती, ते अंगावरून जाऊ द्यायला.

"डावीकडचा वाढलाय," मी म्हटलं. "तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा."

  खाली दुकानाचं दार कुणीतरी उघडलं, छतावरचा उजेड सबंध खोलीभर फिरून जागेवर आला.

"बाकीचे दोन?"

"मागच्या वेळी होते तिथेच आहेत."

"तिथेच म्हणजे?"

"आकडा तोच. कडेला लाल नाही. कॉलर एकाही केसाला नाही. मी प्रत्येक केस पाहिला."

तिने डोळे उघडले. घारे, अगदी जवळ. "खरं?"

"डावीकडचं सांगितलं ना तुला."

बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "हो. मग खरं." आणि तिच्या पोटातून इतका लांब श्वास निघाला की मला तो मांडीवर कळला. मी गधडी दोन महिने तिला गोड बोलून उपाशी ठेवत होते.

"लिही," म्हणाली.

मी वही तिच्या पाठीवर ठेवून लिहिलं. डावीकडे: तीन मिलिमीटर वाढला. उजवीकडे: नाही. मागे: नाही. आग: नाही. मग विचारलं, "खाज?"

ती विचार करू लागली. किती वेळ. मला वाटलं झोपली.

"अगं," ती म्हणाली, "आज आठवलीच नाही."

तसंच लिहिलं. खाज: आज आठवलीच नाही.